दोनदा चावी दिलेलं घड्याळ

सिरिल बूथरॉइडने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी त्याचा खाक्या असा, की पत्र आलं त्याच दिवशी उत्तर. गॅस कंपनीने मीटर बदलल्याचं कळवलं तरी हा "आपले पत्र पोचले, आभारी आहे" असं लिहून पाकीट चिकटवायचा. पोस्टातली बाई तोंडावर म्हणायची, "मिस्टर बूथरॉइड, तुम्ही बिलालासुद्धा ख्यालीखुशाली विचारता." असा हा माणूस. आणि त्याच्याच स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याखाली, निळ्या शाईतलं एक पत्र पानगळीपासून पडून होतं. आता हॅलिफॅक्सच्या टेकड्यांवर कोकरं दिसायला लागली होती.

रोज सकाळी तो डबा उचलायचा, चहा काढायचा, आणि डबा पुन्हा जागेवर ठेवताना पत्राकडे न बघण्याची खबरदारी घ्यायचा. त्याचा काही उपयोग नव्हता. पत्र त्याला पाठ होतं.

"श्री. बूथरॉइड,

तुम्ही मला ओळखत नाही. ऑब्री गारसाइड माझे पती होते. ते दोन वर्षांपूर्वी शुश्रूषागृहात वारले. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं.

टीव्हीवरच्या ‘गणतीचा दिवस’मध्ये त्यांच्या मुलीचं काम केलेली मुलगी दफनाला आली होती. रडत म्हणाली, सभागृहाच्या प्रसंगांत त्यांना ओळी आठवत नसत. कॅमेऱ्याच्या बाजूला फळ्यावर लिहून ठेवायचे. बोलायची वेळ झाली की ती त्यांचं कोपर दाबायची. चित्रण करणाऱ्या लोकांनी हे बाहेर कुणाला कळू दिलं नाही.

मी तो भाग पाहिलेला नाही. मला पाहवणार नाही. पण तुमचं पत्रक कुणीतरी आणून दिलं. तुम्ही लिहिता, की दुकानातला माणूस खरा आहे आणि सभागृहातला खरा नाही. मध्ये कुठेतरी तो बदलला. दुकानाचं चित्रण हिवाळ्यात झालं, सभागृहाचं वसंतात. दोहोंच्या मध्ये, ईस्टरला, मी घर सोडलं. त्या हिवाळ्यात ते माझ्याशी परक्यासारखे वागत. माझा वाढदिवस विसरले. न सांगता बाहेर जात, विचारलं की चिडत. मला वाटलं, दुसरं कुणीतरी आहे.

तुमचं म्हणणं खरं असेल तर हिवाळ्यात ते धडधाकट होते, आणि मी गेले म्हणून तसे झाले. तुमच्याइतकं बारकाईने त्यांना कुणी पाहिलं नसेल. दुकानातला माणूस खरोखर धड आहे का, एवढंच सांगाल?

शेवटच्या प्रसंगात ते काय म्हणतात, ते मी पत्रकात वाचलं. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही.

हेस्टर गारसाइड"

सहीपर्यंत पोचल्यावर सिरिलने काय केलं असेल? उठून खिडकीचा पडदा ओढला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, भर दुपार होती. पण आपल्याला कुणी बघू नये असं त्याला वाटलं.

कारण ‘हेस्टर’ हे नाव घेऊन सिरिल बूथरॉइड दहा वर्षं मिरवत होता.

‘करडी वर्षं’ ही मालिका दहा वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायची. उद्याच्या जगात सरकार माणसाचं काय काय करील, याच्या सुट्या सुट्या गोष्टी. त्यातली ‘गणतीचा दिवस’ सगळ्यांत गाजली. गोष्ट साधी होती. त्या राज्यात प्रत्येक म्हाताऱ्याने वर्षातून एकदा सरकारी सभागृहात उभं राहून स्वतःचं आयुष्य तोंडपाठ म्हणून दाखवायचं. जो अडखळला त्याची रवानगी ‘विश्रांती’ला, म्हणजे जिथून कुणी परत येत नाही तिथे. एक म्हातारा घड्याळजी आधी आपल्या दुकानात दिसतो, खिडकीबाहेर बर्फ. मग मुलगी लिडिया त्याला सभागृहात नेते. तो सगळं बरोबर म्हणतो, सुटतो. बाहेर आल्यावर तो मुलीच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "हेस्टर." पडदा काळा. संपलं. हेस्टर नावाचं त्या गोष्टीत कुणीही नाही.

झालं! देशभरच्या चाहत्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. हेस्टर कोण?

सिरिल त्या वेळी नुकताच निवृत्त झाला होता. गावच्या वर्तमानपत्रात त्याने सारी हयात मुद्रितं तपासली. लोक बातमी वाचायचे, हा चुका वाचायचा. लग्न झालं नाही, मित्र म्हणावा असा कुणी नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडे. पण हातात काम नसलेले ते डोळे टीव्हीवर स्थिरावले आणि त्यांनी जे पाहिलं ते कुणीच पाहिलं नव्हतं. सभागृहात म्हातारा बोलण्याआधी प्रत्येक वेळी मुलीची बोटं त्याच्या कोपरावर दाबली जातात. तिचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर पुसट हलतात. आणि तो अधिकाऱ्याकडे बघून बोलत नाही, त्याच्या डावीकडच्या कुठल्यातरी जागी नजर लावून बोलतो. सिरिलने निष्कर्ष काढला: हा माणूस नव्हेच. खऱ्या घड्याळजीला सरकारने केव्हाच नेलं. हे त्याच्या जागी उभं केलेलं चालतं-बोलतं बाहुलं, आणि मुलगी ते चालवणारी. हेस्टर हे ते बाहुलं घडवणाऱ्या बाईचं नाव. यंत्र बिघडतं तेव्हा ते आपल्या कर्त्याचं नाव घेतं.

‘कोपराचा सिद्धांत’ म्हणून तो सगळीकडे पसरला. सिरिल घरी छापून एक पत्रक काढू लागला, तळाशी जुन्या माणसाच्या सवयीने स्वतःचा पत्ता. ‘सोनेरी धोटा’ या पबच्या वरच्या खोलीत मंडळ भरू लागलं. आयुष्यात प्रथमच असं घडलं, की सिरिल बूथरॉइड खाकरला आणि खोलीतले सगळे गप्प झाले. ही चव ज्याने चाखली नाही त्याला कळायची नाही.

ईस्टरनंतरच्या एका शनिवारी नॉरीन अट्ली एक खोकं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. नॉरीन शाळेच्या भोजनघरात वाढपी होती. पन्नाशी उलटलेली, आवाज असा, की दोनशे पोरं एका हाकेत रांगेत लागत. मंडळाचा सगळा गाडा तीच ओढायची.

"बघ तरी राजा, काय आणलंय!" तिने खोक्यातून एक काळा शर्ट झटकून उघडला. छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं: हेस्टर कोण?

सिरिल एक पाऊल मागे सरला.

"तुला मोठ्या मापाचा घेतलाय. तू स्वेटरवरून घालशील, माहितीय मला. उद्या दहा वर्षांचा सोहळा, लोक लीड्सहून येतायत, ब्रॅडफर्डहून येतायत. डगी पडदा लावणारे. सुरुवातीलाच तुझं भाषण."

"नॉरीन, मी... भाषण नको."

"दरवर्षी नको म्हणतोस आणि दरवर्षी तासभर बोलतोस."

"या वेळी खरंच..."

"अरे, तोंड कशाला पाडतोस? घशाचं औषध घे, आलं घातलेला चहा पी. आणि शर्टाला इस्त्री करू नकोस, अक्षरं वितळतात."

ती गेली. सिरिलने शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला, मग अक्षरं आतल्या बाजूला जातील अशी पुन्हा घडी केली.

उत्तर त्याने लिहिलं नव्हतं असं नाही. खूपदा लिहिलं होतं. "मला क्षमा करा" अशी सुरुवात करायचा, मग आपण किती लाजलो, आपल्याला काय माहीत होतं, काय नव्हतं, असं दोन पानं भरायचा, आणि फाडून चुलीत टाकायचा. पण खरी अडचण क्षमेची नव्हती. त्याने क्षमा मागावी असं बाईने म्हटलंच नव्हतं. तिने एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर सिरिलला पत्र यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

दुकानाच्या प्रसंगात घड्याळजी भिंतीवरच्या एका घड्याळाला चावी देतो, चावी खिळ्याला अडकवतो. दोन पावलं जातो, परत येतो, तीच चावी काढून त्याच घड्याळाला पुन्हा देतो. मग क्षणभर स्वतःच्या तळहाताकडे बघतो. तळहातावर शाई आहे. चाहत्यांतल्या कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. दुकानात कोपर नाही, मुलगी नाही, सगळे तो भाग पुढे ढकलून सभागृहावर जात. सिरिलच्या मात्र पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. त्याने ते पत्रकात छापलं नाही. दुकानातला माणूस खरा असल्याशिवाय सभागृहातला खोटा ठरत नव्हता. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या, त्याने स्वतःच्या पानावरची चूक अंगठ्याखाली झाकली.

आणि त्या झाकलेल्या चुकीवर आता एक बाई आपला जन्म तोलत बसली होती.

रविवारी दुपारी ‘सोनेरी धोटा’च्या वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मांसाचे पॅटिस, व्हिनेगर, ओले कोट आणि बियर, सगळ्यांचा मिळून एक वास. जिकडे पाहावं तिकडे काळे शर्ट. हेस्टर कोण, हेस्टर कोण, हेस्टर कोण. सिरिलने आपला शर्ट घातला होता आणि त्यावरून कोटाची सगळी बटणं लावली होती.

"प्रोफेसर, इतकं गुंडाळून का घेतलंय?" डगी ओरडला. डगी बसचालक होता, पडद्याचं यंत्र त्याच्या ताब्यात. "आतून तुम्हीही बाहुलंच निघालात की काय? कोपर दाबून बघू?"

खोली हसली. सिरिलही हसला. भाषणाचं त्याने घशावर ढकललं आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला.

मंडळाचा एक रिवाज होता. पडद्यावर लिडियाची बोटं म्हाताऱ्याच्या कोपराला लागली, की सगळ्यांनी एका आवाजात "कोपर!" म्हणायचं, टेबलावर मूठ आपटायची आणि बियरचा घोट घ्यायचा. हा रिवाज पाडला होता सिरिलनेच, पहिल्या वर्षी, नाताळात. दोन पेले शेरी पोटात गेल्यावर सुचलेली गंमत. आजवर त्याला त्याचा अभिमान होता.

दुकानाचा प्रसंग आला तेव्हा लोक बोलत होते, पॅटिस वाटत होते. सभागृह आलं आणि खोली सावरून बसली.

"कोपर!" मुठी आपटल्या.

सिरिलने दहा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कोपराकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. ऑब्री गारसाइडचा चेहरा भेदरलेला होता. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचा असतो तसा. मग बोटं लागली, फळा सापडला, ओठांवर शब्द आले, आणि चेहऱ्यावरून भीती उतरली.

"कोपर!"

पुन्हा भीती, पुन्हा बोटं, पुन्हा सुटका. मुलगी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तिचा स्वतःचा बाप पाण्यात पडलाय आणि तिने त्याला मुठीत धरून ठेवलंय. सिरिलने हिलाच ‘चालवणारी’ म्हटलं होतं. पत्रकात एकदा ‘थंड डोळ्यांची’ असंही लिहिलं होतं.

"कोपर!" लीड्सहून आलेल्या एका माणसाच्या पेल्यातली बियर सिरिलच्या बुटावर सांडली. "माफ करा हं आजोबा!"

शेवटचा प्रसंग आला. सभागृहाच्या पायऱ्या, पालवलेली झाडं. म्हातारा मुलीकडे वळला. या एका जागी तो डावीकडे बघत नव्हता. फळा नव्हताच तिथे.

"हेस्टर," तो म्हणाला.

"हेस्टर कोण?" सगळी खोली एका घशाने गरजली, टाळ्या पडल्या, कुणी शीळ घातली. दिवे लागले.

सिरिल उभा राहिला. आपण उभं राहिलोय हे त्याला नंतर कळलं.

"एक मिनिट," तो म्हणाला.  "मला सांगायचंय. माझा सिद्धांत चुकीचा आहे."

खोली चिडीचूप. सवयीने. सिरिल बूथरॉइड बोलतोय!

"दुकानात... दुकानातला माणूसही धड नाही. तो एकाच घड्याळाला दोनदा चावी देतो. मी ते पहिल्यापासून बघितलं होतं. सांगितलं नाही."

 मग डगीने कपाळावर हात मारला. "दोनदा! अरे देवा, दोनदा! म्हणजे तो पहिल्यापासूनच बाहुलं आहे!"

खोली फुटली. लोक खुर्च्यांवर चढले. "मागे घ्या, मागे घ्या! दुकान लावा!" डगीची बोटं यंत्रावर धावली. पडद्यावर म्हाताऱ्याने चावी दिली, अडकवली, परत आला, पुन्हा दिली. आरोळी उठली ती खालच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल.

"दहा वर्षं पोटात ठेवलं या माणसाने!"

"सोहळ्यासाठी राखून ठेवलं! कसला पक्का!"

"नाही," सिरिल म्हणाला, "नाही, ऐका. हेस्टर ही त्याची बायको आहे."

"घड्याळजीची?"

"नटाची. ऑब्री गारसाइडची. तो माणूस..."

"नटालाच बदललं!" मागून एक जण किंचाळला. हशा पिकला. डगीने सिरिलच्या पाठीत धपाटा घातला. "प्रोफेसर, आज तुम्ही पेटलायत हो!" कुणीतरी त्याच्या हातात पेला दिला, कुणीतरी नव्या नियमाची घोषणा केली: दुसऱ्या चावीला दोन घोट. "दोन घोट! दोन घोट!" मुठी टेबलावर पडू लागल्या.

अजून एक वाक्य राहिलं होतं: तो माणूस आजारी होता. एवढंच. सिरिलने तोंड उघडलं. समोर सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली, आनंदाने लाल झालेली, आणि ती सगळी त्याची होती. त्याने तोंड मिटलं. पेल्यातून घोट घेतला. आणि खाली बसला.

नॉरीनला तो जिन्यात सापडला. उरलेल्या पॅटिसांचा ट्रे तिच्या हातात, हा मधल्या पायरीवर बसलेला.

"गर्दीने गुदमरलास का रे? ऊठ, राजा, खाली वाऱ्यावर चल."

"ती खरी आहे, नॉरीन."

"कोण?"

"हेस्टर. तिचं पत्र आलंय मला."

मग त्याने सांगितलं. फळा, कोपर, मुलीचं रडणं, ईस्टर. सगळं खालच्या पायरीकडे बघत. वर "दोन घोट" चाललं होतं. नॉरीनने ट्रे हळूच पायरीवर ठेवला. तिची आई शेवटची चार वर्षं तिच्याचकडे होती, नॉरीनला ताई म्हणायची आणि शाळेला उशीर होतोय म्हणून रडायची.  नॉरीन छातीवरची अक्षरं झाकली जातील असे हात बांधून म्हणाली,

"म्हणजे आम्ही दहा वर्षं त्याच्यावर दारू पितोय."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. निदान पानगळीपासून होतं."

"पानगळीपासून?" तिचा भोजनघरातला आवाज वर यायला लागला. "पानगळीला आलेल्या पत्राला तू अजून उत्तर दिलं नाहीस? तू? तू तर नगरपालिकेच्या कचऱ्याच्या नोटिशीला उत्तर देतोस!"

"लिहितो गं. रोज लिहितो. जमत नाही. क्षमा कशी मागावी ते..."

"क्षमा?" नॉरीन त्याच्या शेजारी धपकन बसली. "सिरिल, त्या बाईने काय विचारलंय?"

"दुकानातला माणूस धड आहे का."

"आहे?"

"नाही."

"मग ‘नाही’ लिही की! ती तिकडे महिने मोजत बसलीय आणि तू इथे स्वतःची लाज कुरवाळतोयस. तुझी लाज तिने मागितलीय का? क्षमा मागायची तर शेवटी एका ओळीत माग, नाहीतर मागूच नकोस."

तोंडात मारल्यासारखं झालं, पण हे जिन्यात बसून ऐकणं वरच्या टाळ्यांपेक्षा बरं होतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "वरच्यांना?"

"वरच्यांचं मी बघते." ती उठली, ट्रे उचलला, आणि दोन पायऱ्या चढून थांबली. "तू बसून राहिलास ना रे त्या टाळ्यांत? मी दारातून बघितलं."

"हो."

"हं," नॉरीन म्हणाली आणि वर गेली. पाठोपाठ दोनशे पोरांना रांगेत लावणारा तो आवाज आला, आणि मुठींचा आवाज थांबला. ती काय बोलली ते ऐकायला सिरिल थांबला नाही. तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने चहा केला, पत्र डब्याखालून काढून समोर ठेवलं, आणि दुकानाचा प्रसंग लावला. या खेपेला काही सिद्ध करायचं नव्हतं. एका बाईला पाहवत नव्हतं, तिच्या वतीने पाहायचं होतं.

चावी ही एकच गोष्ट नव्हती. दारातून आत येताना म्हातारा टोपी काढतो आणि कुठे ठेवायची ते न कळून हातातच ठेवतो. पुढे तीच टोपी काखेत धरून सगळं काम करतो. हत्यार उचलायच्या आधी त्याचा हात बाकावर नुसता फिरतो. गिऱ्हाईक झालेला नट मध्येच एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो, हलक्या आवाजात, आणि आता पाहिलं तर उघड दिसतं, की तो प्रश्न गोष्टीतला नाही. समोरच्या माणसाला ओळ आठवावी म्हणून विचारलेला आहे. म्हणजे हिवाळ्यातही कुणीतरी त्याला धरून होतं. खिडकीबाहेर बर्फ पडतोय, खराखुरा. सिरिलच्या लक्षात आलं, की तळहाताकडे बघून झाल्यावर ऑब्री गारसाइड काय करतो हे आपण कधी पाहिलंच नव्हतं. तो मूठ मिटतो, कुणाला दिसू नये म्हणून, आणि मान वर करून हसतो. छान हसतो. कसबी नट होता तो.

सिरिलने कागद ओढला. या वेळी फाडावं लागलं नाही.

"श्रीमती गारसाइड,

तुम्ही विचारलंत, दुकानातला माणूस धड आहे का. नाही. तो त्या हिवाळ्यातच आजारी होता. दारातून आत येतो तेव्हापासून ते दिसतं. टोपी कुठे ठेवायची ते त्यांना कळत नाही. एकाच घड्याळाला ते दोनदा चावी देतात. तळहातावर ओळी लिहिलेल्या आहेत. बाहेर बर्फ आहे, म्हणजे हे ईस्टरच्या आधीचं. तुम्ही गेलात म्हणून ते तसे झाले, हे खरं नाही. वाढदिवसही ते मुद्दाम विसरले नसणार.

मी पत्रकात उलट लिहिलं. चावीचं मला तेव्हाच दिसलं होतं. ते छापलं तर माझं म्हणणं पडत होतं, म्हणून मी ते गाळलं.

मला दिसलं ते घरात राहून तुम्हाला कसं दिसलं नाही, असं मात्र मनात आणू नका. मी तो प्रसंग थांबवून, मागे नेऊन कितीतरी वेळा पाहिला आहे. तुमच्यासमोर ते थांबत नव्हते. आणि ते लपवत होते, फार चांगलं लपवत होते. हात मिटून हसतात ते पाहून मीसुद्धा फसलो असतो.

शेवटच्या प्रसंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. एवढंच, की तिथे फळा नव्हता.

उत्तराला फार उशीर केला. क्षमा असावी.

सिरिल बूथरॉइड"

त्याने ते एकदा वाचलं, सवयीने, चुकांसाठी. "कितीतरी वेळा" हे शब्द बढाईसारखे वाटले. खोडावेत का, असा विचार केला, आणि तसेच राहू दिले. पाकिटावर पत्ता लिहिला. खुर्चीवरचा काळा शर्ट उचलून चिंध्यांच्या पिशवीत टाकला, मग परत काढून कपाटात सगळ्यांत खाली ठेवला. टाकून दिला तर आपण सुटल्यासारखं झालं असतं.

बाहेर टेकडीवरून बोचरा वारा उतरत होता. कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी बसचा थांबा होता, आणि नेमकी डगीची बस तिथे उभी. डगीने काच सरकवली. काल त्या खोलीत नॉरीनने काय सांगितलं ते त्याच्या तोंडावर वाचता येत होतं.

"मिस्टर बूथरॉइड," तो म्हणाला. प्रोफेसर नाही.

सिरिलने मान हलवली. डगीने त्याच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. काच सरकवून त्याने बस काढली.

सिरिल पेटीपुढे उभा राहिला. तिने वाचल्यावर तिला काय वाटेल, ते त्याला कळेना. आपण आजारी नवऱ्याला सोडून गेलो असं वाटेल, की आपल्यामुळे झालं नाही असं वाटेल. एक ओझं उतरून दुसरं चढेल, की दोन्ही. त्याबद्दल त्याच्याजवळ कसलाही सिद्धांत नव्हता. त्याने पाकीट फटीत सारलं, काठ क्षणभर बोटांत धरून ठेवला, आणि सोडला. आत, तळाशी ते पडल्याचा आवाज झाला.